नंबर, रँक, नाव

सुभेदारकाका पलटणीतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे होते. पण गावाने त्यांना शेवटपर्यंत सुभेदार म्हणूनच हाक मारली. मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या अलीकडे, कालावल खाडीच्या अंगाला आमची वाडी. इथला पुरुष एकतर मुंबईला गिरणीत जायचा, नाहीतर बेळगावला मराठा सेंटरमध्ये भरतीला. चतुर्थीला आणि आंगणेवाडीच्या जत्रेला दोघेही सुट्टी काढून यायचे. गिरणीवाला आपल्या नावाने ओळखला जायचा, पलटणवाला मात्र हुद्द्याने. माझे वडील वाडीत हवालदार होते. सुभेदारकाका त्यांचे पलटणीतले थोरले आणि घराच्या बाजूने दोन गडगे पलीकडचे शेजारी.

ते 1961 मध्ये भरती झाले. पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, म्हणजे जंगी पलटण. शिपायाचे नाईक, नाईकाचे हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशी एकेक पायरी चढत ते 1989 मध्ये निवृत्त झाले. त्या वर्षीच्या 26 जानेवारीला ते ऑनररी लेफ्टनंट झाले आणि निवृत्तीला ऑनररी कॅप्टन. ही मानाची कमिशनं प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्य दिनाला जाहीर होतात. ती मोजक्यांना मिळतात, आणि आयुष्यभराची सेवा स्वच्छ असेल त्यालाच मिळतात.

या मानाचा अर्थ मला त्यांच्याच पडवीत कळला. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. महिन्या-दोन महिन्यांनी ते तो काढायचे, सुपारीच्या आकाराचे पितळी तारे वर्तमानपत्रावर मांडायचे आणि ब्रासो लावून फडक्याने घासायचे. आम्ही मुलं भोवती बसायचो. नायब सुभेदाराचा एक तारा, सुभेदाराचे दोन, सुभेदार मेजरच्या खांद्यावर सिंहांची राजमुद्रा. लेफ्टनंटचे तारेही दोनच आणि मेजरची मुद्राही तीच सिंहांची! मग ओळखायचं कसं? काका डब्याच्या तळातून कापडाची बोटभर रुंदीची रंगीत पट्टी काढायचे. सुभेदाराच्या ताऱ्यांखाली ही पट्टी असते, लेफ्टनंटच्या नसते. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा अकादमीतून लेफ्टनंट होऊन येतो, तेव्हा चाळिशीचा सुभेदार त्याला आधी सॅल्यूट करतो. तो मुलगा मात्र त्याला ‘सुभेदार साहेब’ म्हणतो आणि पलटण कशी चालते ते त्याच्याकडून शिकतो. अधिकारी बदलीवर जातात, सुभेदार पलटणीतच म्हातारा होतो. ऑनररी कमिशन मिळालं की ती पट्टी उतरते. काकांनी उतरलेली पट्टी टाकली नव्हती. ती ताऱ्यांबरोबर त्याच डब्यात होती, आणि ताऱ्यांपेक्षा जास्त जपून घडी घातलेली होती.

त्याचं कारण त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. 1971 च्या डिसेंबरात त्यांची पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. जमालपुरात पाकिस्तानची 31 बलूच ही पलटण होती. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या असं पत्र पाठवलं, तर बलूचांचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. हा प्रसंग पुस्तकांत आहे. 10 डिसेंबरच्या रात्री बलूच सैनिक वेढा फोडायला पुन्हा पुन्हा चालून आले आणि जंगी पलटणीने त्यांना जाऊ दिलं नाही, हेही पुस्तकांत आहे. काकांच्या लक्षात राहिलं होतं ते वेगळंच. त्यांच्या कंपनीचे सुभेदार त्या अंधारात एका खंदकातून दुसऱ्या खंदकात सरपटत जात होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून एवढंच सांगत होते की हुकूम होईपर्यंत गोळी सोडू नका. “तो हात माका आजून पाठीर लागता,” काका म्हणाले. त्यांना सुभेदार व्हायचं होतं ते त्या रात्रीपासून. कॅप्टनचे तारे देशाने दिले आणि त्यांनी ते मान वाकवून घेतले. पण मनातून हवी होती ती पट्टी.

माझे वडील 1992 च्या पावसाळ्यात गेले. निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. मी नववीत होते, भाऊ पाचवीत. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं होतं, पण ते अडलं, आणि अडलं ते नावावरून. लग्न होऊन पलटणीत परतल्यावर वडिलांनी नोंद करताना आईचं माहेरचं नाव सांगितलं होतं. रेशन कार्डावर, ग्रामपंचायतीत, सगळीकडे तिचं सासरी ठेवलेलं नाव. कागदांच्या हिशेबी या दोन वेगळ्या बाया झाल्या. आमच्याकडे सासरी नाव बदलण्याची रीतच होती, त्यामुळे तेव्हा कितीतरी फौजी घरांत हे घडलेलं आहे. जिच्या हातात नवऱ्याचं डिस्चार्ज बुक आहे तिलाच आपण त्याची बायको असल्याचं सिद्ध करावं लागायचं.

दिवसकार्य संपल्यावर काका आमच्याकडे आले ते कागदांची पिशवी मागायलाच. पडवीत बसून त्यांनी कागद लावले, मग मला हाक मारली.

“हडे ये गो बाय. तुझा अक्षर बरा आसा. लिही.”

इंग्रजी अर्ज कसा लिहायचा ते मी त्या दिवशी शिकले. सर्वात वर वडिलांचा नंबर, मग रँक, मग नाव. मी सवयीने आधी नाव लिहिलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नवा दिला. “नंबर आधी. मागीर रँक, मागीर नाव. पलटणीत एका नावाचे पाच जण आसतत.” ते खरंच होतं. एकाच आडनावाची माणसं इतकी असायची की नंबरातल्या शेवटच्या आकड्यांनीच हाक मारावी लागे. मग विषय, मग हकिगत, तीही थोडक्यात. रडगाणं नको, विनवण्या नकोत. तारीख, आदेशाचा क्रमांक, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. प्रत्येक अर्जाची प्रत घरी ठेवायची आणि पोचपावती तिला टाचायची.

त्यानंतर मालवणला तहसीलदार कचेरीत प्रतिज्ञापत्र झालं, ग्रामपंचायतीचा दाखला झाला, वडिलांबरोबरच्या जॉइंट फोटोची नक्कल झाली, बेळगावला रेकॉर्ड्सकडे रजिस्टर पत्रं गेली. काका प्रत्येक वेळी आईबरोबर एसटीने आले. कचेरीत जाताना ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे, छातीला मेडलं नाहीत, काही नाही. स्वतःसाठी ज्याने कधी कुणाकडे शब्द टाकला नाही, तो माणूस माझ्या आईसाठी दारादारांत तासन्‌तास उभा राहिला. एका ठिकाणी एक माणूस त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलला. मला वाटलं आता काका आपला हुद्दा सांगतील. त्यांनी सांगितलं ते माझ्या वडिलांचा नंबर, रँक आणि नाव. मग शांतपणे म्हणाले, “ही ह्यांची बायको.”

पैसे सुरू व्हायला बरेच महिने लागले. तोवर दर महिन्याला आमच्याकडे कॅन्टीनची साखर, तेल आणि साबण यायचा. “माझो कोटो शिल्लक रवता,” एवढंच काकी म्हणायच्या. त्यांच्या घरात पाच माणसं होती. कोटा शिल्लक राहत नव्हता, हे आईलाही कळत होतं आणि काकींनाही. दोघींनी तो विषय कधी काढला नाही.

दुपारी अर्ज संपले की काका गोष्टी सांगत. माझ्या डोक्यातला सैन्यातला मान म्हणजे 26 जानेवारीच्या संचलनातला झगमगाट. काकांनी आपली मेडलं मांडून ती समजूत दुरुस्त केली. रक्षा मेडल 1965 चं, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल 1971 ची, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं एक, नऊ वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या सेवेची दोन. ही हजर राहिलेल्याची मेडलं, ते म्हणायचे. शौर्याची वेगळी: युद्धात परमवीर, महावीर, वीर, युद्धाबाहेर अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. ती त्यांच्याकडे नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांच्याबद्दल बोलताना ते ताठ बसायचे.

राम राघोबा राणे यांचं नाव मी त्यांच्याकडून ऐकलं. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. 1940 मध्ये साधे सैनिक म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल 1948 मध्ये, नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी मांडीला जखम झालेली असताना गोळीबारात काढले, रणगाड्यांच्या पुढे राहून, काही वेळा रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत. परमवीर चक्र हयातीत मिळालेल्या मोजक्यांपैकी ते एक. 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. काकांना त्यांच्यात सगळ्यात मोठं वाटायचं ते हे की त्यांनी खालून सुरुवात केली होती.

आणि ते चक्र घडवलं कुणी? सावित्रीबाई खानोलकरांनी. खानोली आपल्या वेंगुर्ले तालुक्यात आणि आडनाव तिथलं. सावित्रीबाई जन्माने स्वित्झर्लंडच्या. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या, संस्कृत आणि पुराणं शिकल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी स्वतंत्र भारताच्या शौर्यपदकांचं काम त्यांच्यावर सोपवलं. परमवीर चक्रावर त्यांनी इंद्राचं वज्र चार वेळा मांडलं, कारण ते दधीची ऋषींनी स्वतःची हाडं देऊन घडू दिलं. ब्राँझचं पदक, जांभळी फीत, 26 जानेवारी 1950 पासून सुरू. पहिलं गेलं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या लेकीच्या नवऱ्याचे सख्खे भाऊ होते. काका हे सांगताना प्रत्येक वेळी थांबायचे. शेजारी आई तांदूळ निवडत असायची. दधीचींच्या हाडांची गोष्ट ते मला सांगत होते की तिला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

बारावीनंतर मी बँकेच्या परीक्षेला बसले आणि लागले. पेन्शनच्या काउंटरवर बसण्याची वेळ आली तेव्हा इतरांना ते काम नको असायचं, मी मागून घेतलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी माजी सैनिक आणि वीरनारी रांगेत उभ्या राहतात. त्यांचे जुने पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचे आदेश, घड्या पडून फाटलेली डिस्चार्ज बुकं, दोन-दोन नावं मला वाचता येतात. कुणाचा अर्ज अडला की मी आधी त्यांचा नंबर विचारते.

ऑगस्ट 2018 मध्ये काश्मीरमधल्या गुरेझला मेजर कौस्तुभ राणे लढताना गेले. घराणं मूळ वैभववाडी तालुक्यातल्या सडुऱ्याचं, शौर्यासाठी सेना मेडल आधीच मिळालेलं. त्या दिवशी काकांनी डबा उघडला नाही, कुणाशी बोलले नाहीत. नोव्हेंबर 2020 मध्ये कौस्तुभ यांच्या पत्नी चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या, तेव्हा मात्र त्यांनी मला फोन केला. “टीव्ही लाव. दोन तारे बघ तिच्या खांद्यार.” पंचाहत्तरी ओलांडलेला तो माणूस फोनवर रडत होता आणि लपवतही नव्हता.

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिन आमच्या किनाऱ्यावर झाला, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर तारकर्लीच्या समुद्रात युद्धनौका उभ्या राहिल्या. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या चिन्हांत आता शिवाजी महाराजांच्या वारशाची झलक येणार आणि नौदलाचे हुद्दे भारतीय परंपरेनुसार होणार, अशी घोषणा झाली. मी सुट्टी काढून काकांकडे बसले होते. त्यांना मनापासून आनंद झाला. महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असायचा, हे त्यांनी नातवाला सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझो बापूस हवालदार. महाराजांच्या वेळचो हुद्दो तो.” वडील जाऊन एकतीस वर्षं झाली होती. त्यांचा हुद्दा इतक्या मानाने कुणी उच्चारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. काकींचे कागद मी करणार हे ठरलेलंच होतं. निदान इथे तरी काही फेडता येईल, असं मनात होतं. पिशवी उघडली तर सगळं आधीच लावलेलं. काकींचं एकच नाव सगळीकडे, पीपीओवर, आधारवर, बँकेत. जॉइंट फोटोच्या प्रती, मुलांच्या जन्मतारखांची नोंद, प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख. मला करायला त्यांनी फक्त अर्ज ठेवला होता.

मी नंबर लिहिला. रँकच्या रकान्यात काय घालू म्हणून काकींकडे बघितलं. “सुभेदार लिही गो,” त्या म्हणाल्या, “सगळे तसाच म्हणतत.” मी त्यांना समजावलं की निवृत्तिवेतन ऑनररी कॅप्टनच्या हुद्द्याने मंजूर आहे, दुसरं लिहिलं तर कागद परत येईल. त्यांनी मान डोलावली. मी ऑनररी कॅप्टन लिहिलं, मग नाव. काकींनी सही केली, मी प्रत काढून घेतली आणि सकाळच्या एसटीने अर्ज घेऊन ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी गेले.