तिरुविसनल्लूर : शहाजीराजांनी बसवलेली चौकी

तंजावरच्या पोस्टिंगवर येऊन आता वर्ष होत आलं. सुट्टीच्या दिवशी कुंभकोणमकडे गेलात तर दोन गावं एकाच फेरीत बघा. वायव्येला तिरुप्पुरंबियम, ईशान्येला तिरुविसनल्लूर.

पहिलं गाव म्हणजे रणभूमी. इसवी सन ८८० च्या सुमारास पांड्य राजा वरगुण आणि पल्लव राजा अपराजित इथे भिडले. अपराजिताच्या मदतीला गंग राजा पृथ्वीपती आला होता. लढाई पल्लवांनी जिंकली, पृथ्वीपती पडला. मित्राचं 'अपराजित' हे नाव खरं करून त्यानं प्राण दिला, असं त्याच्या नातवाच्या ताम्रपटात आहे. पुढे त्याच अपराजिताला आदित्य चोळानं संपवलं. ज्या नावासाठी परमुलखातला माणूस मेला, ते नाव काही वर्षंच टिकलं.

दुसरं गाव आपल्या माणसानं वसवलं. १६९३ साली व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी यांनी तिरुविसनल्लूर सुमारे ४५ विद्वानांना इनाम दिलं. नाव ठेवलं शहाजीराजपुरम. तारीख नीट बघा. त्याच वेळी इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत, जिंजीला, त्यांचे चुलतभाऊ राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यात होते. अशा काळात हा राजा व्याकरण, काव्य, वेदान्त यांची चौकी बसवतो! 'जानकीपरिणय' नाटक लिहिणारे रामभद्र दीक्षित याच वस्तीतले.

आज शहाजीराजपुरम हे नाव वापरात नाही. ती विद्वानांची वस्तीही तशी उरली नाही. मराठी राज्य १८५५ ला संपलं. शिवमंदिराच्या भिंतीवर मात्र दगडातलं जुनं सूर्यघड्याळ आहे. त्याला ना राज्य लागतं, ना चावी.

याच वस्तीत श्रीधर अय्यावाळ राहत. श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्या भुकेल्याला त्यांनी जात न बघता जेवू घातलं. गावानं प्रायश्चित्त सांगितलं, गंगास्नान करून या. कथा अशी, की गंगाच त्यांच्या विहिरीत आली. तमिळ कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला लोक आजही त्या विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करायला येतात.

आम्ही फौजी चौक्या उभारतो, हुकूम आला की सोडतो. उत्तरेत एका चौकीवर दोन हिवाळे काढले, ती पुढे उठवली. तिथे आता फक्त दगडांचे ओटे असतील. रिटायरमेंट जवळ आली की मनात येतं, एवढं राखलं त्यातलं काय राहिलं? तिरुविसनल्लूरला एक उत्तर मिळालं. राज्य गेलं, गावाचं नाव गेलं, विद्वान गेले. भुकेल्याला वाढलेलं एक ताट तेवढं तीनशे वर्षं लोकांच्या लक्षात आहे.

हिवाळ्यात त्या चौकीवर मेंढपाळ यायचे. त्यांना आम्ही लंगरमधून गरम डाळ द्यायचो. ते कोणत्याही रजिस्टरात लिहिलेलं नाही. बहुतेक तेच राहील.

जय हिंद.