पाव गुंठ्याचे घर

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, एकूण १,०८९ चौरस फूट. हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या बाजूला घर बघायला निघालात, तर हा हिशेब खिशात ठेवूनच निघा. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास धरून २७०-२८० चौरस फूट जागा तिथे दाखवतात. म्हणजे आपला पाव गुंठा! आणि त्या पाव गुंठ्यासाठी गावाकडची चांगली बागायत विकायची पाळी कितीतरी घरांवर येते. मुलाला नोकरी लागते, सोयरीक जुळायला येते, समोरची मंडळी विचारतात, "मुंबईत स्वतःची जागा आहे का?" मग एका रविवारी चारजण जातात, दोन तासांत घर बघतात आणि विसार देऊन परत येतात. बैल घेताना आपण दात मोजतो, त्याला चालवून बघतो, खांद्यावरून हात फिरवतो. घर घेताना मात्र चकचकीत फरशीवर भाळतो.

म्हणून पहिली गोष्ट, घर बघायला पावसाळ्यात जा. दलाल म्हणेल, दिवाळीनंतर या. ऐकू नका. ही उपनगरे मुळात गावेच. दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा मुलूख १९५७ साली मुंबईच्या हद्दीत आला. त्याआधी इथे भातखाचरे होती, खाडीकडे मिठागरे होती. खाचर भरून त्यावर सात मजले चढवले, तरी पाणी आपला उतार सोडत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. माणदेशात दीड-दोन वर्षांत मिळून पडतो तेवढा! असा पाऊस रोज पडत नाही, हे खरे. पण अंधेरीचा रुळांखालचा भुयारी रस्ता साध्या जोराच्या सरीतही बंद होतो. बोरिवलीकडे दहिसर आणि पोयसर या दोन नद्या डोंगरातून येतात. उन्हाळ्यात त्यांना नाला म्हणाल, जुलैत म्हणणार नाही. तेव्हा इमारतीत शिरण्याआधी खालच्या किराणा दुकानदाराला विचारा, "पाणी कुठवर आले होते?" तो पायरीवर बोट ठेवून दाखवील. विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत, तेही बघा. ते अलीकडे वर सरकवलेले दिसले, तर काय ते समजा.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. मुंबईला सात तलावांचे पाणी मिळते आणि त्यात मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसाचा आहे. त्याच तालुक्यातली काही गावे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. पण तो विषय वेगळा. शहरातही नळाला दिवसभर पाणी नसते. ठरल्या वेळी ते तळातल्या टाकीत येते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. टेकडीवरच्या वस्तीत दाब कमी पडतो. म्हणून पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, हे सोसायटीच्या सचिवाला नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्या गृहिणीला विचारा. तिला मिनिटासकट ठाऊक असते.

घाटकोपरला गेलात, तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. २५ जुलै २०१७ रोजी तिथली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर दुरुस्तीचे काम चालले होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावरच्यांनी आपापली घरे नेटकी ठेवली असतील, पण खालच्या खांबापुढे त्याचा काय उपयोग? म्हणून जुन्या इमारतीत आपले घर बघण्याआधी तळमजला बघा. दुकानाचा गाळा मोठा करायला भिंत काढली आहे का, खांबाला उभी भेग आहे का, सळईचा गंज बाहेर आला आहे का? इमारत तीस वर्षांपुढची असेल, तर तिची इंजिनिअरकडून तपासणी झाल्याचा अहवाल मागा. सोसायटी तो दाखवायला कां-कूं करत असेल, तर तेच उत्तर समजून पुढच्या इमारतीकडे चला. नुकताच रंग दिलेल्या छताखालीही जरा थांबा. ओलीचा डाग रंगाखाली लपतो, वास लपत नाही.

घाटकोपरची मोठी सोय म्हणजे वर्सोव्याहून अंधेरीमार्गे येणारी मेट्रो. ती जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि पश्चिमेची आणि मध्य रेल्वेची गाठ पडली. बोरिवलीपासून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर, अंधेरीपासून २२. हा फरक मुलाच्या झोपेतून वजा होतो. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ लिहिलेले असते. संध्याकाळी साडेसहाला स्वतः चालून बघा, तेही हातात पिशवी घेऊन. पूर्व की पश्चिम, हेही नीट विचारा, कारण रुळांनी प्रत्येक उपनगराचे दोन भाग केले आहेत आणि पूल सगळीकडे जवळ नाही.

मुलुंड मला या चौघांत निवांत वाटते. १९२०च्या दशकात आखलेले तिथले जुने रस्ते सरळ आहेत, झाडे आहेत. पूर्वेकडे कचऱ्याचे मोठे मैदान होते. २०१८ मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले आणि साठलेला ढीग हलवायचे काम पुढे हाती घेतले गेले. त्या बाजूला घर असेल, तर वारा कुठून येतो ते बघा. मुलुंडच्या पाठीमागे जो डोंगर दिसतो, त्याच्याच पलीकडे बोरिवली. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, १०० चौरस किलोमीटरहून मोठे. त्याच्या कुंपणालगत स्वस्तात घर मिळाले, तर रात्री बिबट्या दिसू शकतो. जुन्नरच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही.

पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, काचेचे प्रवेशद्वार यांचा खर्च दरमहा देखभालीत येतो. वापरणारे थोडे, भरणारे सगळे. त्यापेक्षा दुपारी दिवा न लावता स्वयंपाकघरात भाकरी थापता येते का, ते बघा. वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे विचारा. गुडघे धरलेली आई चौथ्या मजल्यावर आली, की पुन्हा खाली उतरत नाही.

कागदांना सातबाराइतकेच जपा. नवी इमारत असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांवर पैसे देऊ नका. तसे मागायची त्याला कायद्याने मुभाच नाही. क्षेत्रफळ चटईचे विचारा, कारण भाव सांगताना जिना आणि व्हरांडाही मोजून आकडा फुगवतात. पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र आहे का? जुन्या इमारतीत जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की अजून मूळ मालकाच्याच? इमारत पाडून नवी बांधायची वेळ येते, तेव्हा याच एका कागदावर घोडे अडते.

आणि घर कुणाच्या नावावर करायचे, हे गावातून निघण्याआधी ठरवा. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांवर हे पन्नास हजार रुपये झाले. सुनेचे नाव घालायचे म्हटले की काही घरांत कुरकुर सुरू होते. ती कुरकुर मुंबईच्या निबंधक कार्यालयाच्या रांगेत करण्यापेक्षा घरच्या ओसरीवरच उरकून घ्या.