३६८ फूट खोल

भारतातून आलेल्या आईवडिलांना काय दाखवायचं, याची आम्हा रेडिंगकर मराठी मंडळींची यादी ठरलेली आहे. विंडसर, ऑक्सफर्ड, बाथ, आणि कॉट्सवोल्ड्समधलं बायबरी. तिथे घरं मोजकी आणि माणसं उदंड. बाबांनी ही यादी मुकाट्याने पुरी केली. रमले ते फक्त बाथला, आणि तेही रोमनांच्या खांबांत नाही, तर जमिनीतून उसळणाऱ्या ४६ अंशांच्या पाण्यात. त्यांची सगळी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली, त्यातली बरीच वर्षं माण-खटावच्या विहिरींची पातळी मोजण्यात. राजवाडे त्यांना सगळे सारखेच वाटतात.

म्हणून एका शनिवारी गाडी चिल्टर्नच्या टेकड्यांकडे काढली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बीचची उंच झाडं, वर घारी. तांबूस रंगाच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या या घारी इथून नामशेष झाल्या होत्या. १९८९पासून स्पेनहून पिल्लं आणून सोडली, आणि आता त्या उदंड झाल्या आहेत. अर्ध्या तासात स्टोक रो आलं. एरवी कुणी थांबू नये असं गाव. पण रस्त्याच्या कडेला, झाडीत, अचानक एक घुमट दिसतो. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर कांद्याच्या आकाराचा घुमट, आणि आत पाणी ओढायच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. ऑक्सफर्डशायरमध्ये!

ही विहीर दिली काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी. एडवर्ड रीड नावाचे इंग्रज अधिकारी वायव्य प्रांतात होते. त्यांचं मूळ गाव इप्सडेन, इथून जवळच. आपल्या गावाकडच्या पाणीटंचाईची गोष्ट त्यांनी राजांना सांगितली होती: घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईच्या हातचा मार खाणारा एक मुलगा. राजांच्या ते लक्षात राहिलं. १८६३मध्ये खोदाई सुरू झाली आणि २४ मे १८६४ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावाला खुली झाली. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव ईश्रीबाग. शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते, तेव्हा विहिरीत गंगाजल ओतलं गेलं.

बाबांनी घुमटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "खोली किती?"

"३६८ फूट."

"बोअर?"

"नाही बाबा, हाताने खोदलीय."

मग त्यांनी व्यास विचारला. चार फूट. त्यांनी फरसबंदीवर बुटाच्या टोकाने चार फुटांचं वर्तुळ आखलं, मध्ये उभे राहिले आणि कुदळ उगारायचा अभिनय केला. हात पुरता मागे जाईना. "एका वेळी एकच माणूस. खोदलेलं वर गेल्याशिवाय पुढचा घाव नाही. आणि खालची हवा..." दीडेक कुतुबमिनार जमिनीत उलटे घातले, तर तेवढी खोली भरेल. तिथे उभं राहिल्यावर कळतं की इथला खरा देखावा जमिनीखाली आहे, घुमट म्हणजे नुसतं झाकण.

मला मात्र एक गोष्ट खुपत राहिली. १८६०-६१मध्ये त्याच वायव्य प्रांतात, दोआबात, भीषण दुष्काळ पडला होता. त्यानंतर दोन वर्षांत तिथला एक राजा इंग्लंडच्या खेड्यात विहीर खोदवतो. यात दानत होती, आणि सत्तावन्ननंतरच्या काळात साहेबाची मर्जी सांभाळणंही असणारच. बाबांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "असेल. पण तहान लागलेल्याला देणाऱ्याचा हेतू कळत नसतो." यावर आमचं गाडीत बसेपर्यंत वाजलं.

एवढ्या पावसाच्या देशात टेकडीवर पाणी नाही, हे कसं? बाबांना खिडकीतूनच उत्तर दिसत होतं: नांगरलेल्या शेतात माती पांढुरकी, मध्ये गारगोट्या. सगळी टेकडी खडूच्या दगडाची. आपला काळा पाषाण पाणी फटींत जपून ठेवतो. खडू ते पिऊन टाकतो. पाऊस पडला की सरळ खाली, माथा कोरडा. "मग हे पाणी पायथ्याला कुठेतरी फुटलंच पाहिजे," बाबा म्हणाले. तेच दाखवायला मी निघाले होते.

उतारावरून खाली यूएल्म गाव. चर्च, त्याला लागून १४३७ साली १३ गरीब वृद्धांसाठी बांधलेली विटांची घरं, शेजारी त्याच काळातली शाळा, जी अजून भरते. चर्चमध्ये कवी चॉसरची नात ॲलिस हिची संगमरवरासारखी गुळगुळीत समाधी आहे: वर शांत झोपलेली सरदारीण, आणि खालच्या जाळीआड तिचंच सुकलेलं, हाडं निघालेलं प्रेत कोरलेलं. त्या प्रेताच्या वरच्या छताला चित्रं आहेत, ती जमिनीवर आडवं झाल्याशिवाय दिसत नाहीत. मी झाले. बाबांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. अंगणात 'थ्री मेन इन अ बोट'वाल्या जेरोमची कबर आहे. तीही दोन मिनिटांत उरकली, कारण खालून पाण्याचा आवाज येत होता.

रस्त्यालगत झऱ्याचं पाणी अडवून उथळ वाफे केले आहेत. वॉटरक्रेस नावाची पालेभाजी इथे शतकभर पिकत होती. १९८८पर्यंत विकायला जायची. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा. बाबांनी बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. "दहा-अकरा अंश. थंडीत आलो तरी एवढंच लागेल." मग काठाकाठाने चालत त्यांनी पाणी नेमकं कुठून फुटतं ते शोधलं. पाऊण तास गेला. जेवायची वेळ टळून गेली होती. मी आणलेली दशम्या-चटणी आम्ही गाडीच्या बॉनेटवर उघडली.

संध्याकाळी बाबांनी निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर विहिरीचा फोटो टाकला. हत्तीबद्दल कुणीही चकार शब्द काढला नाही. पहिला प्रश्न आला, "स्टॅटिक वॉटर लेव्हल किती?" दुसरा, "आतून बांधकाम किती फुटांपर्यंत?" बाबांना दोन्ही सांगता येईनात. आता पुढच्या शनिवारी लंडन आय रद्द झालं असून पुन्हा स्टोक रोला जायचं ठरलं आहे, आणि सोबत मोजपट्टी घ्यायची का, यावर आईशी चर्चा सुरू आहे.