मोटर, पेडल आणि पायवाट

२९ ऑगस्ट २०१९. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं आणि कोट्यवधी एकर सरकारी जमीन ज्या खात्याकडे आहे, त्याचे तेव्हाचे मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी ३३७६ क्रमांकाचा आदेश काढला. जिथे साधी सायकल चालते, तिथे ई-बाइकही चालू द्यावी, असा त्याचा गाभा. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय उद्यान सेवेचं धोरण तयार! हेतू चांगला होता असं मी मानते. वय झालेल्या, दम लागणाऱ्या, अपंग माणसांनाही जंगलात जावंसं वाटतं. पण वाटा न पाहता सगळ्यांना एकच हुकूम लावला, हे खटकलं ते आजही खटकतं.

●

ई-बाइकचे वर्ग तीन. पहिल्यात पेडल मारलं तरच मोटर जोर देते आणि ताशी २० मैलांना, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरला, साथ सोडते. दुसऱ्यात थ्रॉटल असतो, पेडल न मारताही गाडी पळते, मर्यादा तीच. तिसऱ्यात पुन्हा पेडललाच साथ, पण २८ मैलांपर्यंत. मोटर ७५० वॅटच्या आतली. कॅलिफोर्नियात तर वर्ग, वेग आणि वॅट लिहिलेला स्टिकर सांगाड्यावर लावणं बंधनकारक आहे. पावसाळी वाटेवर तासभर चालवली की त्या स्टिकरवर चिखलाचा थर बसतो. रेंजरने काय, खाली वाकून पुसून वाचायचं?

●

मेन राज्यातलं अकेडिया राष्ट्रीय उद्यान. इथल्या बग्गीरस्त्यांची कथा मला फार आवडते. जॉन डी. रॉकफेलर धाकटे, म्हणजे तेलावर श्रीमंत झालेल्या घराण्यातले, यांनी १९१३ पासून १९४० पर्यंत स्वतःच्या पैशाने हे रस्ते बांधून घेतले, तेही मोटारगाड्यांपासून दूर घोडागाडीने फिरता यावं म्हणून. उद्यानात असे ४५ मैल आहेत. फोडलेल्या दगडाचे थर, रुंदी सुमारे १६ फूट, डोंगराच्या अंगाने घेतलेला सावकाश चढ, आणि कडेला ग्रॅनाइटचे ओबडधोबड चिरे. त्या चिऱ्यांना लोक ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात.

आज या रस्त्यांवर पहिल्या वर्गाच्या ई-बाइकला मुभा आहे, दुसऱ्या-तिसऱ्याला नाही. वेगमर्यादा २० मैल. न्यू जर्सीतली माझी आत्या, सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे बदललेले, इथे भाड्याच्या ई-बाइकवर फिरली. चढ संपवून वर आली तेव्हा म्हणाली, “अगं, कुणीतरी पाठीवर हात ठेवून हळूच ढकलतंय असं वाटतं. पाय मात्र मीच मारले हं!” मग तलावाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. तिला ही जागा नाकारावी असं कुठलंही कारण मला सुचत नाही. १६ फुटांच्या रस्त्यावर पायी चालणारा, घोडागाडी आणि आत्या, तिघंही मावतात.

●

युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा २०१९ चा एक छोटा अभ्यास. ३३ सायकलस्वारांना एकाच वाटेवर साधी माउंटन बाइक आणि ई-माउंटन बाइक अशा दोन्ही चालवायला दिल्या. ई-बाइकवर हृदयाचे ठोके साध्या सायकलच्या सरासरी ९४ टक्के भरले. ‘यात कसला आलाय व्यायाम’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. मात्र ही सगळी सरावलेली मंडळी होती. आत्याच्या वयाच्या माणसांबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही.

●

आता दोन-तीन फुटांची वाट घ्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, पुढे झुडपांनी झाकलेलं वळण.

जुना शिरस्ता असा: उतरणाऱ्या सायकलने चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला. चढणारा हळू येतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ई-बाइक नेमकं तेच बदलते. २० मैलांची मर्यादा ऐकायला साधी वाटते, पण चढावर साध्या सायकलचा वेग त्याच्या जवळपासही नसतो. तेव्हा वळणावर अचानक समोर येण्याचा धोका दोन्ही दिशांनी वाढतो. वादात माती किती उकरली जाते यावर खूप बोललं जातं. पहिल्या वर्गाची ई-बाइक त्या बाबतीत साध्या सायकलपेक्षा फार वेगळी नाही, असं सायकलवाल्यांच्याच संघटनेने २०१५ मध्ये ओरेगॉनमध्ये मोजलं होतं. मला मातीपेक्षा वळणाची काळजी जास्त आहे.

घोड्यांचं तर आणखीच. मागून आवाज न करता वेगाने येणारी वस्तू घोड्याला शिकारी जनावर वाटते. म्हणून जाणते सायकलस्वार लांबूनच थांबतात, घोडेस्वाराशी मोठ्याने बोलतात. माणसाचा आवाज ऐकला की जनावर निवतं. भाड्याची बाइक देताना दुकानदाराने हे दोन मिनिटांत सांगावं. हेल्मेट देतातच ना?

●

राष्ट्रीय वनं मात्र वेगळ्या खात्याकडे, शेतीखात्याकडे आहेत. जवळजवळ १९ कोटी ३० लाख एकर. तिथे ई-बाइक आजही मोटरवाहनच धरली जाते. २०२२ मध्ये नियम सुधारले तेव्हाही ते बदललं नाही. कॅलिफोर्नियातल्या टाहो वनात बिनमोटरच्या वाटांवर परस्पर परवानगी दिली, तर २०१९ च्या ऑक्टोबरात घोडेस्वारांच्या संघटना आणि इतर मंडळी कोर्टात गेली. मग परवानगी मागे घेतली गेली. एकाच डोंगरावर हद्द ओलांडली की नियम बदलतो आणि चालवणाऱ्याला पत्ता नसतो.

●

राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावरही खटला झालाच. २०२२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने सांगितलं, पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास कायद्याला हवा तसा केलेला नाही, तो करा. नियम रद्द केला नाही. अभ्यास आधी व्हायला हवा होता, हे कळायला पावणेतीन वर्षं आणि एक खटला लागला.

●

इथे आपलं माथेरान आठवल्याशिवाय राहत नाही. २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथे हातरिक्षांना पर्याय म्हणून ई-रिक्षा आल्या त्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर, आधी प्रयोग म्हणून. घोडेवाल्यांचा विरोध होता, पोटाचा प्रश्न होता. पण माणसाने माणसाला ओढणं बंद व्हावं, ही बाजू जास्त जड होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं. मोटर आत आणायला तितकं सबळ कारण लागतं. अकेडियात आत्याचे गुडघे हे असं कारण आहे. अरुंद वाटेवर नुसती घाई हे नाही.

●

परवानगी देणं फुकट असतं, पुढचं सगळं नाही. वळणावरची झुडपं छाटायला, पाट्या लावायला, थ्रॉटलवाली बाइक पहिल्या वर्गाची म्हणून घुसवणाऱ्याला अडवायला माणूस लागतो. २०२५ च्या सुरुवातीला उद्यानांतले आणि वनखात्यातले नवे कर्मचारी मोठ्या संख्येने काढले, काहींना नंतर परत घेतलं. अशा वेळी वाटा खुल्या करत जाणं मला पटत नाही. आधी रेंजर परत द्या.

●

१९६४ च्या कायद्याने राखलेली निबिड रानं, सुमारे ११ कोटी एकर. तिथे साध्या सायकललाही बंदी आहे. पायी जा, नाहीतर घोड्यावर. हे क्षेत्र आहे तसंच राहावं, आणि ई-बाइकच्या वाटा त्याच्या बाहेर, एकेक करून, चालून बघून ठरवाव्यात.