स्मरणशक्ती वाढवून मिळेल

स्मरणशक्ती वाढवायचे उपाय आपल्याकडे पूर्वापार आहेत. ब्राह्मी, शंखपुष्पी, रात्री भिजत घातलेले बदाम आणि मास्तरांची छडी. यांपैकी कशानंही माणूस बंद पडल्याचं ऐकिवात नाही. छडीनं काही जण शाळेत यायचे बंद झाले, पण ती गोष्ट निराळी. संगणकाचं तसं नसतं. त्याची स्मरणशक्ती वाढवली की त्याची शुद्ध हरपू शकते, हे आमच्या घरानं उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमचा संगणक 2018 सालचा. टेबलाखाली जो पत्र्याचा डबा उभा असतो त्याला आम्ही ‘सीपीयू’ म्हणतो. सीपीयू म्हणजे डब्याच्या आतली एक चिमुकली चिप, डबा नव्हे, असं चिरंजीव वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पण एवढा थोरला डबा समोर असताना चिपेला मान देणार कोण?

या संगणकावर आमच्याकडे एक महत्त्वाचं काम चालतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, वय वर्षं 84, रोज संध्याकाळी आपल्या आठवणी सांगतात आणि मी त्या टाइप करतो. एकशे बारा पानं झाली होती आणि आम्ही 12 जुलै 1961 या तारखेला, म्हणजे पानशेतपाशी, येऊन पोहोचलो होतो. पुण्यातल्या त्या पिढीच्या माणसाला काहीही विचारा, तो आधी ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ एवढं ठरवून घेतो आणि मगच तोंड उघडतो. नेमका इथंच संगणक रेंगाळू लागला. अण्णांच्या तोंडून धरण फुटून पाणी लकडी पुलावरून वाहू लागलं, तरी पडद्यावर ‘पान’ एवढीच दोन अक्षरं. वडिलांना ‘पूर जरा थांबवा’ असं कसं सांगणार? आणि थांबवलं की पुढचं निसटायचं. अलीकडे त्यांचं असं होतं. एकदा धागा तुटला की ते खिडकीबाहेर बघत बसतात आणि थोड्या वेळानं मलाच विचारतात, “त्या दिवशी मी कुठं होतो रे?”

चिरंजीवांनी निदान केलं : रॅम कमी आहे.

“ते मी 1975 पासून म्हणतोय,” अण्णा म्हणाले. “कशातच राम उरला नाही.”

मग आठ जीबीची नवी पट्टी आली. आधीच्या आठाच्या शेजारच्या रिकाम्या खाचेत चिरंजीवांनी ती बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाठिक्कर. आणि डब्यातून तीन आखूड पीं पीं पीं.

त्यानंतरचा तासभर घरात तज्ज्ञांचं संमेलन भरलं होतं. मेहुण्यांनी फोनवरून ‘बंद करून चालू करा’ हा सर्वरोगहर काढा सुचवला. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त बँक मॅनेजरांना व्हायरसचा संशय आला. त्यांना तो वरणात मीठ जास्त पडलं तरी येतो. सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, “कालपर्यंत चालत होता ना? मग काल काय नव्हतं ते बघा.” संमेलनात याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अण्णा गप्प होते. मग हळूच म्हणाले, “माझी एकशे बारा पानं?”

चिरंजीवांनी समजावलं, “आजोबा, रॅम म्हणजे वर्गातला फळा. तुमची पानं डिस्कमध्ये आहेत, म्हणजे कपाटात. फळा पडला तरी वह्या शाबूत राहतात.”

“ते कळलं,” अण्णा म्हणाले. “पण कपाटाची किल्ली तुम्ही फळ्यामागंच ठेवलीय ना?”

यावर आयटीवाल्या नातवालाही उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला मुलगा आला. त्यानं वायर काढली आणि डब्याच्या पत्र्याला हात लावला, देवळात शिरताना पायरीला लावतात तसा. अंगातली स्थिर वीज चिपेत उतरू नये म्हणून तसं करतात म्हणे. मग त्यानं दोन्ही पट्ट्या काढल्या. जुनी एकटी तिच्या जागी बसवली : संगणक सुरू! अण्णांनी तेवढ्यात पान 112 उघडायला लावलं आणि शेवटची ओळ स्वतः वाचून खात्री करून घेतली. मग त्याच खाचेत नवी एकटी : तीही चालू. दोघी मिळून : पीं पीं पीं. एकेकटे भेटले तर सज्जन आणि एकत्र आले की सभा उधळणारे असे सभासद आमच्या सोसायटीच्या कमिटीतही आहेत. पण इथं सभासदांचा दोष नव्हता. चालणारी जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत घातली, तर तीही पीं करू लागली. खुर्चीच खराब!

बॅटरीच्या उजेडात त्या कधी न वापरलेल्या खाचेत सात-आठ वर्षांची धूळ दिसली. मुलानं ती ब्रशनं काढली, पट्टीचे सोनेरी दात आमच्या नातीच्या कंपासपेटीतल्या खोडरबरनं अलगद घासले, आणि दोन्ही टोकांना ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत ती दाबली. पडद्यावर सोळा जीबी झळकले.

चहा पिता पिता त्यानं एक गंमत सांगितली. या पट्टीवर जे लिहिलेलं असतं ते विजेच्या बारीक थेंबांत असतं आणि ते थेंब सारखे गळतात. म्हणून संगणक साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत सगळं वाचून पुन्हा लिहितो. नाहीतर सगळं विसरेल. आठ जीबी म्हणजे सहा हजार आठशे कोटींहून जास्त थेंब! एका थेंबाला एक ट्रान्झिस्टर ही युक्ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 साली सुचली आणि 1968 साली तिचं पेटंट मिळालं, हे मी मागाहून वाचलं.

“म्हणजे त्यालाही सारखी आठवण करून द्यावी लागते?” अण्णांनी विचारलं.

“सेकंदाला पंधरा वेळा, आजोबा.”

अण्णांनी त्याला आणखी एक बिस्किट घ्यायला लावलं.

आता अक्षरं अण्णांच्या आधी पोचून त्यांची वाट बघत उभी असतात. मी अधूनमधून मागचं वाक्य मोठ्यानं वाचतो, कुणी मागितलं नसलं तरी. शिवाय दर रविवारी पानं छापून अण्णांच्या लोखंडी कपाटात जातात. किल्ली त्यांच्या जानव्याला. काल त्यांनी विचारलं, “कुठवर आलो होतो रे?”

“पाणी लकडी पुलावर आलंय, अण्णा.”

“हां. तर मी काय केलं, सायकल डोक्यावर घेतली...”