थोडक्या पैशांची शोभा : बालाघाटच्या घरांतून

बालाघाट म्हटले की महाराष्ट्रातील आमच्या नातलगांना मराठवाड्यातील डोंगररांग आठवते. तो बालाघाट निराळा. आपला बालाघाट मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या काठी, गोंदियाहून रेल्वेने फार तर तास-दीड तासावर. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र जोडून हा जिल्हा बनविण्यात आला. नावाचा अर्थ घाटावरचा मुलूख; कचेऱ्या मात्र घाटाखाली, बुऱ्हा नावाच्या वस्तीत थाटल्या गेल्या आणि पुढे त्या वस्तीलाच बालाघाट म्हणू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार असलेला बालाघाट अलीकडेच राहिला. लांजी, वारासिवनी, कटंगी या भागांत आजही मराठी कानावर पडते. तिच्या शेजारी पोवारी बोली नांदते, आणि कचेरीत शिरले की हिंदी.

कान्हाचे वाघ पाहावयास जाणारे प्रवासी पुष्कळ. आमचे जाणे निराळ्या कारणाने झाले. आमच्या आप्तांपैकी एका तरुण जोडप्याची बालाघाटला बदली झाली. पगार बेताचा, भाड्याच्या दोन खोल्या, भिंतींना फिकट पिवळा रंग, आणि भिंतीत एकही खिळा ठोकावयाचा नाही अशी घरमालकांची अट. सामान लावण्यास मदत म्हणून आम्ही उभयता गेलो आणि आठ दिवस राहिलो. थोडक्या पैशांत घर शोभिवंत कसे करावे, हा प्रश्न या मासिकाच्या वाचकांना नवा नाही. शाळा, कचेरी, रेल्वे आणि भरवेली-उकव्याच्या मँगनीज खाणी यांच्या निमित्ताने या मुलखात आलेल्या मराठी कुटुंबांनी आयुष्यभर तो सोडविला आहे. आम्ही ठरविले की दुकानांच्या वाटेस जाण्यापूर्वी इथले लोक आपली घरे कशी सजवितात ते आधी पाहावे.

बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपारा मागे टाकून घाट चढू लागतो आणि साल-बांबूचे रान सुरू होते. अधूनमधून गोंड, बैगा आणि इतर शेतकरी कुटुंबांच्या वस्त्या लागतात. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी. दुरून पाहणाऱ्यास प्रथम जाणवते ती स्वच्छता, आणि मग रंगांची शिस्त. भिंतीच्या तळाशी हात-दीड हात उंचीचा गेरूचा किंवा काळसर मातीचा पट्टा, आणि त्यावर छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, हात. हा पट्टा केवळ शोभेचा नाही. पावसाळ्यात पागोळ्यांचे शिंतोडे तेथेच उडतात, ओसरीवर बसणाऱ्यांच्या पाठी तेथेच टेकतात, पोरांचे मातकट हात तेथेच लागतात. मळणारा भाग गडद ठेवावा आणि प्रकाश परतविणारा भाग पांढरा, हे घरबांधणीच्या शास्त्रातले तत्त्व येथे कोणी पुस्तकातून शिकलेले नाही.

छुईची ढेकळे रात्रभर भिजत घालतात, दुसऱ्या दिवशी कालवून कपड्याने गाळतात आणि चिंधीच्या बोळ्याने भिंतीवर फिरवितात. बोटांचे अर्धवर्तुळाकार वळसे वाळल्यावर अस्पष्ट दिसत राहतात. तीच भिंतीची नक्षी. मंडला-दिंडोरीकडील गोंड-परधान स्त्रिया याच मातीने दाराभोवती आणि अंगणात ‘ढिगना’ नावाची रेखाकृती काढतात. व्हेरियर एल्विन त्या भागात राहिले आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातील आदिवासी कलेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी अशा सजावटीची नोंद केली. तेथीलच पाटणगढ गावी १९८१ च्या सुमारास चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी पाठविलेल्या मंडळींना एका घराच्या भिंतीवरचे चित्र दिसले. ते काढणारा तरुण म्हणजे जनगढसिंग श्याम. १९८२ साली भोपाळला उघडलेल्या भारत भवनाच्या द्वारे त्याची चित्रे जगापुढे आली. २००१ साली जपानमध्ये त्याचा अकाली अंत झाला. परंतु घराच्या भिंतीवरून निघालेली ती चित्रपरंपरा आज गोंड चित्रकला म्हणून देशोदेशी ओळखली जाते.

हे सारे पाहून आमच्या मनात पहिला विचार आला तो असा की ही खरी स्वस्त सजावट. माती भूमीची, शेण गोठ्यातले, कुंचला म्हणजे चिंधी. खर्च शून्य! परंतु एका ओसरीवर पाणी प्यावयास बसलो असता घरच्या बाईंनी जे सांगितले त्याने या हिशेबाला तडा गेला. पावसाळा संपला की दिवाळीपूर्वी छुई खणून आणावयाची, डोक्यावरून पाट्या वाहावयाच्या, घर आतून-बाहेरून लिंपावयाचे. हे काम बायकांचे, आणि दर वर्षीचे. छुईच्या खाणी म्हणजे बहुधा टेकडीच्या कुशीत हाताने पोखरलेली बिळे. ती खचून स्त्रिया आणि मुली दगावल्याच्या बातम्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत अनेकदा आलेल्या आहेत. त्या शुभ्र भिंतीची किंमत पैशांत शून्य असेल, पण ती किंमत कोणी तरी दिलेली असते.

त्याच गावात पलीकडे नवी पक्की घरे उभी होती. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेने सपाट प्रदेशातील घरामागे १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरविले आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर. या घरांना निळा, गुलाबी वा हिरवा रंग लावलेला असतो आणि दाराशी प्लॅस्टिकचे तोरण. आमच्यासारख्या पाहुण्यांना जुने घर अधिक सुंदर वाटते. त्या बाईंना नवे घर अधिक आवडते, कारण दिवाळीला माती वाहावी लागत नाही. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. मातीच्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी एक वर्ष तरी ते स्वतः लिंपून पाहावे, असे मात्र तेव्हापासून वाटू लागले आहे.

दुसरा फेरा वारासिवनीचा. तेथील हातमागाच्या साड्यांना आणि कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गोंड चित्रकलेलाही त्याच वर्षी. मागावर बसलेल्या विणकराचे हातपाय एका लयीत चालतात. धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकली जाते आणि एका वेळी कापड वाढते ते एका धाग्याने. हे पाहिल्यावर यंत्रमागाच्या स्वस्त नकलेशी त्याच्या किमतीची तुलना करणे कठीण होऊन बसते. दोन खोल्यांना चार खिडक्या आणि दोन दारे. सर्वांना हातमागाचे पडदे घेणे जोडप्याच्या ऐपतीबाहेरचे होते. तेव्हा दर्शनी दारापुरता एकच चांगला पडदा घेतला. खिडक्यांसाठी सासूबाईंची दोन जुनी सुती लुगडी पेटीतून निघाली.

याची रीत सांगून ठेवतो, कारण ती कोठेही उपयोगी पडेल. लुगड्याचा पन्हा साधारण खिडकीच्या उंचीस पुरतो. म्हणून लुगडे उभे फाडून जोडू नये. ते आडवे धरावे. वरचा काठ दुमडून नेफा शिवावा आणि खालचा काठ झालरीसारखा सुटू द्यावा. उन्हाने विरणाऱ्या पश्चिमेच्या खिडकीस आतून जुन्या धोतराचे अस्तर लावावे. लांबी भरपूर असल्याने चुण्या दाट पडतात, आणि काठाचा रंग खोलीभर एकसारखा फिरतो.

बालाघाटच्या जंगलात बांबू विपुल. येथला बांबू बारीक, चिवट आणि आतून जवळजवळ भरीव असतो. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढविलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे आणि नेणे सुलभ झाले. खिळ्याच्या अटीवर तोडगा मिळाला तो बुरडाकडे. त्याने पुरुषभर उंचीची एक चौकट बांधून दिली, मध्ये तट्ट्या विणला. ती भिंतीला नुसती टेकवून ठेवली की तिच्यावर तसबिरी, दिनदर्शिका, किल्ल्या, टोप्या सारे अडकविता येते. बांबूला कीड लागते ती त्यातील पिठूळ अंशामुळे. म्हणून पूर्वी बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत. आता बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवितात. विकत घेताना फोडलेल्या कडेवर बोट फिरवून पाहावे. पिवळसर पीठ झडत असेल तर ती वस्तू घेऊ नये.

बुरडाशी घासाघीस करण्याची आपणा सर्वांची जुनी सवय. दहा-वीस रुपये पाडून घेतले म्हणजे गृहिणीस संसार जाणल्याचे समाधान वाटते. आम्ही तास-दीड तास त्याच्या शेजारी बसून कांबी काढणे, तासणे, विणणे पाहिले आणि त्याने सांगितले तेवढे पैसे दिले. पाडून घेतलेला भाव म्हणजे बचत नव्हे. ते पैसे आपल्याऐवजी त्याने दिले, एवढाच त्याचा अर्थ.

आता खोलीत आणखी एक कोरी भिंत उरली. गोंड चित्राची छापील प्रत बाजारात स्वस्त मिळते. परंतु ज्या हाताने ते चित्र काढले त्यास त्यातून काही मिळत नाही, म्हणून ती घ्यावीशी वाटली नाही. पुढे सवड होईल तेव्हा मूळ हाताचे लहानसे चित्र घेण्याचे ठरले. तोवर काय? तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना चैत्रांगणाची आठवण झाली. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्या घरांतून गौरीपुढे काढीत ते हे रेखाटन : पाळण्यातली गौर, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळस, कासव, नाग, गोपद्मे, सूर्य आणि चंद्र. आपल्याकडचा ढिगनाच तो. परमुलखात तीन पिढ्या राहून किती घरांतून पुसला गेला! बाजारातून पाटीभर छुई आणली. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळवून गाळलेल्या छुईत मिसळला, जुन्या फळीला गेरूचे दोन हात दिले, आणि काडीला कापूस गुंडाळून सबंध चैत्रांगण फळीवर उतरविले. डिंकामुळे माती हाताला लागत नाही. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक रंग दिलेल्या भिंतीवर माती धरत नाही, म्हणून फ्लॅटात राहणाऱ्यांनी फळीचाच मार्ग धरावा.

दारावर धानाच्या लोंब्यांचे तोरण बांधले. शेजारच्या छत्तीसगडात असे तोरण पाखरांसाठी बांधतात, आणि कोकणात नव्याच्या पौर्णिमेस दाराला नवे बांधतात. धानाच्या या जिल्ह्यात दोन्ही रिती एका दारावर शोभून दिसल्या. आठवड्याभरात चिमण्यांनी ते निम्मे केले. त्याचे कोणास वाईट वाटले नाही.

खर्चाची वही लिहिताना तिच्यात तीन रकाने आखावे, असे आम्ही त्या जोडप्यास सुचविले. पहिला रकाना पैशांचा. तो सर्वच जण ठेवतात. दुसरा घरच्यांच्या वेळाचा. पडदे शिवणे, माती गाळणे, दर दिवाळीस फळी पुन्हा रंगविणे यास तास लागतात, आणि दोघेही नोकरी करीत असतील तर ते तास एकट्या गृहिणीच्या माथी मारून घर स्वस्तात सजले असे म्हणता येत नाही. (छुई गाळण्याचे काम चिरंजीवांनी केले आणि उत्तम केले, हे येथे नमूद करावयास हवे.) तिसरा रकाना बाहेरच्यांच्या श्रमांचा : विणकर, बुरड, आणि ती माती खणून आणणारी बाई. बाजारात पाटी उतरवून बसलेल्या बाईस ‘मातीचे कसले पैसे मागतेस?’ असे म्हणणारी गिऱ्हाइके आम्ही पाहिली. ती माती कोठून येते हे ज्यास ठाऊक आहे, त्याच्या तोंडून हा प्रश्न निघणार नाही.

तिन्ही रकाने भरल्यावर पुष्कळ वस्तू आपोआप गळतात. घरात कमी वस्तू येतात, पण येतात त्या टिकतात, आणि बदलीचा हुकूम आला की उचलूनही नेता येतात. चौकट दोरीने बांधून, पडदे घडी घालून, फळी चादरीत गुंडाळून पुढच्या गावी. भाड्याच्या भिंती मालकांच्या. त्या होत्या तशाच, एकाही खिळ्यावाचून, मागे राहतात.