धाकटीचं पहिलं वर्ष आणि सासूबाईंचा वर्षीतप



ह्या जूनमध्ये आमच्या धाकटीला वर्ष पूर्ण झालं आणि थोरला पहिलीत गेला. त्याआधी अक्षय तृतीयेला सासूबाईंच्या वर्षीतपाचं पारणं झालं. एका घरात एका वर्षात एवढं सगळं झालं, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमचं किराणा दुकान तळेघरला, भीमाशंकरच्या वाटेवर. जैन घर आमचं एकटंच. स्थानक नाही, पाठशाळा नाही. महासतीजींचं दर्शन घ्यायचं तर डिंभे धरण ओलांडून घोडेगाव, मंचरकडे उतरावं लागतं. धाकटीच्या वेळी दिवस गेल्यापासून नातेवाइकांचं एकच म्हणणं होतं, "मंचरला खोली घ्या. तिथं मुलांवर संस्कार तरी होतील." त्यात इथला पाऊस. ३० जुलै २०१४ ला आमच्याच तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, तेव्हापासून पावसाळा लागला की सगळ्यांचे फोन सुरू होतात. त्यांची काळजी खोटी नव्हती. माझ्याही मनात तेच होतं.

धाकटी जन्मली ती जूनमध्ये. पुढचे तीन महिने घरात धुकं आणि दुपटी! लंगोट वाळेनात, म्हणून शेगडीभोवती दोऱ्या बांधल्या. दीड महिन्याची झाल्यावर लसीसाठी आरोग्य केंद्रात नेली, मग अडीच महिन्यांची आणि साडेतीन महिन्यांची असताना. दरवेळी आशाताई स्वतः आठवण करायला दारात. सासूबाईंना बाळगुटीत हिरडा उगाळून द्यायचा होता, हिरडा तर इथला घरचाच. आशाताई म्हणाल्या, "आजी, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको." सासूबाईंनी सहाण उचलून फळीवर ठेवली. "बरं बाई, तिचाही नियमच आहे म्हणायचा."

सासूबाईंचा एकांतर तप तेव्हा चालूच होता. एक दिवस उपवास, एक दिवस पारणं, तेरा महिने. ऋषभदेव भगवंतांना दीक्षेनंतर चारशे दिवस आहार मिळाला नाही, शेवटी श्रेयांसकुमारांनी उसाचा रस वहोरावला, त्याची ही आठवण. शहरात वर्षीतप करणाऱ्यांना सोबत असते, रोज स्थानकात जाणं असतं. इथं सोबत होती पाच वर्षांच्या थोरल्याची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो उपवासाच्या दिवशी गोल काढायचा आणि पारण्याच्या दिवशी फुली. सम-विषम त्याला कुणी शिकवलं नाही, आजीच्या तपानं शिकवलं. चौमासी चौदसला दोन उपवास लागोपाठ आले तेव्हा मात्र तो चिडला, "आजी, आज फुलीचा दिवस आहे!"

चातुर्मासात आपली जयणा इथं फार कसोटीची. दमट हवेत रात्रीत बुरशी धरते. म्हणून पीठ थोडं थोडं दळायचं, डाळी निवडून मगच भिजवायच्या, पापड-लोणचं मोजकंच ठेवायचं. दिव्यावर पाखरं येतात, तेव्हा सूर्यास्ताआधी जेवणं उरकण्याचं कारण मुलाला समजावून सांगावं लागत नाही. एकदा खिडकीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आई, आता जेवलो असतो तर हे ताटात आले असते." मी गप्पच राहिले. बोलायचं काही उरलंच नव्हतं.

संवत्सरीला त्यानं मला कोड्यात टाकलं. "मिच्छामि दुक्कडम् कुणाला म्हणू? इथं आपलं कुणीच नाही." सासूबाई म्हणाल्या, "ज्यांच्याशी वर्षभर बोलतोस, भांडतोस, ते सगळे आपलेच." मग आळीत दहा-बारा घरी गेला. समोरच्या आजी म्हणाल्या, "आरं, तू कवा दुखावलंस मला?" हा म्हणाला, "तुमच्या कोंबडीच्या मागं धावलो होतो." आजी हसत हसत म्हणाल्या, "मग कोंबडीला सांग जा!" आणि हा खरंच कोंबडीपुढे हात जोडून उभा राहिला. सगळी आळी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला जवळ घेतलं.

डिसेंबरात धाकटीचं उष्टावण केलं, आळीतल्याच शेतातल्या नव्या तांदळाचं. सगळ्या सांगत होत्या बटाटा, गाजर कुस्करून द्या. आपल्याला कंदमूळ नको, म्हणून मुगाच्या डाळीचं वरण, लाल भोपळा, केळं आणि नाचणीचं सत्त्व दिलं. वजन नीट वाढलं. रात्री दूध मात्र मागेल तेव्हा. एवढ्या लेकराला चौविहाराचा नियम नसतो, असं सासूबाईंनीच येणाऱ्या-जाणाऱ्यांना ठणकावून सांगितलं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस झाली. महाशिवरात्रीच्या गर्दीत दुकानात आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती, तेव्हा पहिला दात आजीच्या बोटाला लागला, तोही उपवासाच्या दिवशी. तिला कडेवर घेऊन त्या दिवसभर हिंडत होत्या.

उन्हाळ्यात अंगणोअंगणी बाळहिरडा वाळत पडतो. अक्षय तृतीयेला ह्यांनी खालून ताजा उसाचा रस आणला. पारण्याला आप्त आले, आळीतल्या बायाही आल्या. पहिली वाटी थोरल्यानं दोन्ही हातांनी दिली. हिरड्याच्या ढिगाला धरून धाकटी उभी होती, तीही त्याच दिवशी तीन पावलं चालली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंचरचा विषय त्याच संध्याकाळी निघाला. आम्ही ठरवलं, थोरला पहिलीला इथल्याच जिल्हा परिषद शाळेत जाईल आणि पर्युषणाचे आठ दिवस आम्ही सगळे खाली स्थानकात राहू. महासतीजींकडून ऐकणं लागतंच, ते घरात भागत नाही. पण ऐकलेलं मुरायला रोजचं घरच लागतं. पाणी गाळताना, डाळ निवडताना, शेजाऱ्याच्या दारात हात जोडताना मूल बघत असतं. पुढे मोठ्या शाळेसाठी उतरावं लागेल तेव्हा उतरू.

तुमच्यापैकी कितीतरी जणी अशाच एकट्या घरात आहेत. मुलांना सामायिकाला बसवण्यासाठी काय करता, ते जरूर सांगा. आमचा थोरला अठ्ठेचाळीस मिनिटांपैकी सध्या दहा मिनिटं बसतो आणि तेवढ्यात चार वेळा घड्याळ बघतो!